मार्जिन लपवाल, तर चुकीचे पार्ट्स निवडाल



गेमिंग पीसी असेंबल करून विकायचा धंदा करायचाय, असं म्हणणारी तरुण मुलं आता प्रत्येक बॅचमध्ये असतात. त्यांचे दोन प्रश्न ठरलेले. पहिला: "सर, साठ हजारांत कोणते पार्ट्स टाकायचे?" दुसरा: "सर, एका मशीनमागे सुटतात किती?"

लोकांना हे दोन वेगवेगळे प्रश्न वाटतात. माझ्या मते तो एकच प्रश्न आहे. तुम्ही नफा कुठून काढता, त्यावरून तुम्ही कोणते पार्ट्स निवडणार हे ठरतं. नफा पार्ट्सच्या आत लपवला, की बजेटमधलं मशीन बिघडलंच म्हणून समजा. म्हणून माझं सरळ मत आहे: पार्ट्स बाजारभावाने द्या आणि तुमच्या कामाची फी बिलावर उघडपणे लावा. हे का, ते आज पार्ट बाय पार्ट बघू.

नफा लपतो कुठे?

आजचं गिऱ्हाईक दुकानात येतं ते हातात मोबाइल घेऊनच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड या दोन गोष्टींचा ऑनलाइन भाव त्याला तोंडपाठ असतो. लॅमिंग्टन रोडला काय भाव, पुण्यात तपकीर गल्लीत काय भाव, सगळं विचारून आलेला असतो तो. त्यामुळे या दोन पार्ट्सवर तुम्हाला फार काही सुटत नाही.

मग दुकानदार काय करतो? ज्या वस्तूंचा भाव गिऱ्हाईक विचारत नाही, तिथे हात मारतो. एसएमपीएस, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि कॅबिनेट. कोटेशनवर लिहिलेलं असतं "५०० वॅट एसएमपीएस", "१६ जीबी रॅम", "५०० जीबी एसएसडी". कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, काही नाही. समजा, बिनानावाचा एसएमपीएस टाकून हजार-बाराशे वाचले आणि कॅबिनेट, रॅममध्ये आणखी हजार-दीड हजार. झाले दोन-अडीच हजार. गिऱ्हाइकालाही वाटतं, स्वस्तात मिळालं.

पण जरा विचार करा. मशीन किती वर्षं टिकेल, मे महिन्यात बंद पडेल की नाही, पुढच्या वर्षी त्यात मोठं कार्ड बसेल की नाही, हे सगळं याच पार्ट्सवर अवलंबून असतं. म्हणजे ज्या जागी बजेट सांभाळून चांगली वस्तू घालायला हवी, नेमकी तिथेच कात्री लागते. दुकानदार वाईट असतो म्हणून हे होतं असं नाही. त्याच्या कमाईची रचनाच त्याला तिकडे ढकलते. रचना बदला, निवड आपोआप सुधारते.

एसएमपीएसचं स्टिकर वाचायला शिका

हे काम दोन मिनिटांचं आहे. एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतं, त्यावर १२ व्होल्टच्या लाइनचे अँपिअर लिहिलेले असतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः याच लाइनवर चालतात. १२ ला अँपिअरने गुणा. समजा स्टिकरवर १२ व्होल्टला २० अँपिअर लिहिलंय, तर झाले २४० वॅट. वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट छापलेलं असलं, तरी गेमिंगसाठी तुमच्या हातात २४०च आहेत. एकापेक्षा जास्त १२ व्होल्ट लाइन असतील, तर नुसती बेरीज करू नका. एकत्रित मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती बघा.

आता कार्डाकडे बघा. एएमडीचं आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचं, आणि कंपनी त्यासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस सुचवते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे १७० वॅटचं, त्याला ५५० वॅट सुचवलेत. हे आकडे चांगल्या एसएमपीएससाठी आहेत. बिनानावाच्या डब्यासाठी नाहीत.

"८० प्लस" हा शिक्का काय सांगतो? भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी ठरावीक लोडवर किमान ८० टक्के वीज कामाला येते, एवढंच. ब्राँझ, गोल्ड या त्याच्या वरच्या पायऱ्या. एसएमपीएस सुरक्षित आहे की नाही, याची हमी तो शिक्का देत नाही. त्यामुळे शिक्का, कंपनीची वॉरंटी आणि १२ व्होल्टचा आकडा, तिन्ही बघा. खराब एसएमपीएस जाताना एकटा जात नाही, कधी कधी बोर्ड आणि कार्डही सोबत घेऊन जातो. त्या दिवशी तुम्ही वाचवलेले हजार रुपये कुणाच्या खिशातून जाणार, सांगा बरं?

यूपीएसचंही तसंच. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा बऱ्याच यूपीएसवर ३६० वॅट लिहिलेलं असतं. मशीन अधिक मॉनिटर, दोघांचा लोड धरून यूपीएस सुचवा. नाहीतर लाइट गेली की गेम आणि मशीन दोन्ही बंद, आणि फोन तुम्हाला.

नावावर विकू नका

"आय सेव्हन, सोळा जीबी रॅम, चार जीबी ग्राफिक्स, गेमिंग पीसी." ही जाहिरात तुम्ही शंभरदा बघितली असेल. आत काय असतं? बऱ्याचदा आय७-२६००, म्हणजे २०११ चा प्रोसेसर. त्यात चार कोअर, आठ थ्रेड. आता २०२२ चा आय३-१२१००एफ घ्या. त्यातही चार कोअर, आठ थ्रेडच, पण प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान. नावात तीन आहे म्हणून गिऱ्हाइकाला तो हलका वाटतो आणि सात आहे म्हणून जुना भारी वाटतो. हा गैरसमज दूर करणं हे तुमचं काम. त्याच्यावर पोट भरणं हे तुमचं काम नाही.

पुढची गंमत बघा. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज ११ च्या यादीत हे जुने प्रोसेसर नाहीत. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट मागतो. म्हणजे पोराने ज्या गेमसाठी वडिलांना पटवून मशीन घेतलं, तोच गेम अडकतो. वडील पुन्हा तुमच्या दुकानाची पायरी चढतील का?

"चार जीबी ग्राफिक्स"चंही तेच. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आजही चार जीबीच्या नावाखाली खपवलं जातं. चार जीबी म्हणजे फक्त मेमरी. कार्डाची ताकद त्यावरून कळत नाही. टाकी मोठी असली म्हणून नळाला जोर येतो का?

आणि हे फक्त जुन्या मालापुरतं नाही. आरटीएक्स ३०५० हे नाव दोन वेगळ्या कार्डांवर आहे. ८ जीबीच्या कार्डात २५६० कुडा कोअर आणि १२८ बिटची मेमरी बस. २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या कार्डात २३०४ कोअर आणि ९६ बिटची बस. कोटेशनवर नुसतं "आरटीएक्स ३०५०" लिहिलं, तर गिऱ्हाइकाला काय मिळणार हे त्याला कळतच नाही. ६ जीबीचं कार्ड वाईट नाही. ते ७० वॅटचं आहे, छोट्या एसएमपीएसवर चालतं, काहींना तेच योग्य पडतं. पण जे देताय तेच लिहा.

जुना आय७ विकूच नका, असंही मी म्हणत नाही. टायपिंग, बिलिंग, ऑनलाइन फॉर्म भरायला तो चालतो. फक्त "सेकंड हँड, २०११ चा प्रोसेसर, विंडोज ११ च्या यादीत नाही" एवढं बिलावर लिहून विका.

आधी प्रश्न, मग पार्ट्स

बजेट ऐकल्या ऐकल्या कॅल्क्युलेटर उघडू नका. चार प्रश्न विचारा.

एक, कोणते गेम खेळणार? व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ खेळणाऱ्याला प्रोसेसर दमदार लागतो, कार्ड मध्यम चालतं. सायबरपंक २०७७ सारखा गेम खेळणाऱ्याचा जास्त पैसा कार्डात गेला पाहिजे.

दोन, मॉनिटर कोणता? १०८० पी म्हणजे पडद्यावर साधारण २०.७ लाख ठिपके. १४४० पी म्हणजे ३६.९ लाख. फोर-के म्हणजे जवळपास ८३ लाख, म्हणजे १०८० पी च्या चौपट. प्रत्येक फ्रेमला एवढे ठिपके रंगवायचं काम कार्डाचं. घरी जुना ६० हर्ट्झचा मॉनिटर असेल, तर महागडं कार्ड घालून तो १४४ फ्रेम दाखवणार नाही. अशा वेळी कार्ड एक पायरी खाली आणा आणि मॉनिटर बदलायला सांगा.

तीन, गेमशिवाय आणखी काय काम? व्हिडिओ एडिटिंग असेल तर रॅम आणि स्टोरेजकडे जास्त बघावं लागतं.

चार, पुढे पैसे कधी घालणार? हा प्रश्न कुणीच विचारत नाही, आणि धंद्याच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोलाचा.

उदाहरण घ्या. एक मुलगा येतो, आज बजेट कमी आहे, पण वर्षभरात थोडे पैसे साठवणार आहे. त्याला कामचलाऊ कार्ड गळ्यात मारू नका. रायझन ५ ५६००जी सारखा प्रोसेसर द्या. नावातला "जी" म्हणजे ग्राफिक्स आतच आहे. हलके गेम कार्डाशिवाय चालतील. इथे रॅम मात्र एक १६ जीबीची न देता ८-८ च्या दोन पट्ट्या द्या. आतलं ग्राफिक्स मशीनची रॅमच वापरतं, आणि दोन पट्ट्या लावल्या की ड्युअल चॅनलचा फायदा गेममध्ये डोळ्यांना दिसतो. एसएमपीएस मात्र आजच चांगला घाला, पुढच्या वर्षीचं कार्ड पेलेल असा. वर्षभराने तो कार्ड घ्यायला तुमच्याकडेच येईल, कारण मशीन त्यासाठी तयार ठेवलंय तुम्हीच. याला म्हणतात दुसरी विक्री, आणि तिला जाहिरातीचा खर्च नाही.

आय३-१२१००एफ मधला "एफ" उलटं सांगतो: आत ग्राफिक्स नाही. कार्डाशिवाय हा प्रोसेसर दिलात, तर पडद्यावर काहीच येणार नाही.

बजेट तंग असेल तर कात्री कुठे लावायची? आरजीबी लाइट, समोर काच असलेलं कॅबिनेट, लिक्विड कूलर, महागडा बोर्ड. आय३ किंवा मधल्या रायझन ५ ला डब्यातून आलेला कूलर पुरतो. कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात काचेमागचा पंखा नुसता फिरतो, हवा काही ओढत नाही. आणि कात्री कुठे लावायची नाही? एसएमपीएस, एसएसडी आणि बोर्डची वॉरंटी.

फी कशाची?

"सर, पार्ट्स बाजारभावाने दिले तर खायचं काय?" बरोबर प्रश्न आहे. समजा ६०,००० च्या मशीनवर तुम्ही ३,००० फी लावली, म्हणजे पाच टक्के. महिन्याला दहा मशीन गेली तर ३०,०००. त्यात दुकानभाडं, लाइट बिल, एखादा पोरगा ठेवला तर त्याचा पगार. हिशोब तंगच आहे, खोटं कशाला बोलू? नुसत्या नव्या मशीनवर दुकान उभं राहत नाही. रिपेअर, अपग्रेड, जवळच्या क्लासेसचं आणि ऑफिसांचं मेंटेनन्स, हे जोडावंच लागतं. पण त्या कामाला लोक तुम्हाला बोलावतात ते पहिल्या मशीनवरच्या विश्वासामुळे. लपवलेल्या अडीच हजारांनी तो विश्वास मिळत नाही.

फी मागताना लाजू नका, फक्त ती कशाची आहे ते कागदावर दाखवा. जुन्या स्टॉकमधला बी४५० बोर्ड असेल तर नव्या रायझनसाठी बायोस अपडेट. बायोसमध्ये रॅमचं एक्सएमपी चालू करणं, नाहीतर ३२०० ची म्हणून घेतलेली रॅम कमी वेगाने चालत राहते. मॉनिटरची केबल बोर्डात न लावता ग्राफिक्स कार्डात लावणं. १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये १४४ वर सेट करणं. हसू नका, घरी स्वतः जोडलेल्या मशीनमध्ये याच दोन गोष्टी राहून जातात आणि माणूस म्हणतो कार्ड खराब निघालं. मग अर्धा-एक तास पूर्ण लोडवर चाचणी, आणि प्रोसेसर व कार्डाचं तापमान लिहिलेला कागद. शेवटी, वॉरंटीत काही गेलं तर सर्व्हिस सेंटरचा पाठपुरावा तुमच्याकडे. हे सगळं काम आहे, आणि कामाचे पैसे मागण्यात कमीपणा नाही.

पक्कं बिल द्या. कॉम्प्युटरच्या पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. कच्च्या चिठ्ठीवर तो वाचल्यासारखा वाटतो, पण वॉरंटीसाठी कंपनीने बिल मागितलं की गिऱ्हाईक उघड्यावर पडतं. बिलावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर लिहा. प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा, तेही लिहा. बॉक्सवाल्यावर इंटेल साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी देतं, ट्रेवाल्याची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. विंडोजचं लायसन वेगळ्या ओळीत दाखवा. क्रॅक केलेलं विंडोज "फ्री" म्हणून टाकून देऊ नका. फुकट म्हणून दिलेली चोरीची वस्तू तुमच्याच दुकानाचं नाव खराब करते.

"लिस्ट घेऊन ऑनलाइन मागवतील ना!"

हो, काही जण मागवतील. मी तरी सगळी मॉडेल लिहूनच कोटेशन द्या म्हणेन. ज्याला चारशे रुपयांसाठी जायचंय, तो मॉडेल लपवलं तरी जातो. त्याच्यासाठी भिंतीवर दुसरा दर लावा: "तुम्ही आणलेल्या पार्ट्सची जोडणी आणि टेस्टिंग." डब्यांची थप्पी घरी आली की बऱ्याच जणांचा हात थरथरतो. तो माणूस जोडणीला तुमच्याकडेच येतो, आणि या वेळी तुमचा रुपयाही मालात अडकलेला नसतो.

कोटेशनवर मुदत मात्र टाका, दोन किंवा तीन दिवसांची. २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव कसे भराभर चढले ते आठवा. एआयच्या डेटा सेंटरनी मेमरी उचलली आणि झळ आपल्या काउंटरपर्यंत आली. अशा दिवसांत ज्यांची कमाई रॅमच्या मार्जिनवर होती, त्यांना ब्रँड खाली आणावा लागतो किंवा गिऱ्हाइकाशी वाद घालावा लागतो. फी वेगळी असेल तर तुम्ही शांतपणे सांगू शकता, "रॅमचा आजचा भाव हा असा आहे, माझी फी तीच आहे."

सुरुवातीचे काही महिने अवघड जातील, हेही सांगून ठेवतो. समोरचा दुकानदार "फिटिंग फ्री" म्हणेल. गिऱ्हाईक विचारेल, तिथे फुकट आहे, तुम्ही का घेता? त्याला चिडून उत्तर देऊ नका. दोन्ही कोटेशन शेजारी ठेवा आणि त्याच्याकडून एसएमपीएसची ओळ मोठ्याने वाचून घ्या. एकात मॉडेल असेल, एकात नुसते वॅट असतील. पुढचं बोलायची गरज सहसा पडत नाही.

या आठवड्यात एक काम करा. तुम्ही शेवटी बनवलेलं कोटेशन काढा. दुकान अजून सुरू केलं नसेल, तर ओळखीच्या दुकानातून एक मागून आणा. प्रत्येक पार्टसमोर पेन्सिलने लिहा, हा पार्ट कशासाठी निवडला: गिऱ्हाइकाच्या गेमसाठी की दुकानाच्या मार्जिनसाठी. जिथे मार्जिन लिहावं लागेल तिथे पार्ट बदला, तेवढी रक्कम खाली फीमध्ये टाका आणि नवी बेरीज करा. बेरजेत फारसा फरक पडला नाही, तर तुमचं पहिलं प्रामाणिक कोटेशन तयार झालं. उद्या काउंटरवर तेच द्यायला सुरुवात करा.